जुन्या सॅम्पलरचा फ्लॉपी ड्राइव्ह घरच्या घरी बदलताना

अमळनेरला आमच्या माडीवरच्या खोलीत अकाई कंपनीचा एस९५० सॅम्पलर आहे. १९८८ सालचं मॉडेल. मुंबईतला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्याच्या सामानातून तो माझ्याकडे आला, सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ३१ फ्लॉप्या. पुढची काही वर्षं मी त्यात आपल्याकडचे आवाज भरत गेलो: गोंधळातलं संबळ, लग्नातला डफ, श्रावणात कानबाईच्या रात्री बायका धरतात तो टाळ्यांचा ठेका, नंदुरबारकडच्या मित्राने वाजवलेली पावरी. मग एके दिवशी फ्लॉपी ड्राइव्ह गेला. बदलताना मी एक मोठी चूक केली, ती खाली सांगतोच. तुमच्याकडे असं यंत्र असेल, हातात स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल आणि घाई नसेल, तर हे काम दोन सुट्ट्यांच्या दिवसांत होतं.

ज्यांनी सॅम्पलर नुकताच घेतलाय त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. हे यंत्र आवाज रेकॉर्ड करून आपल्या मेमरीत ठेवतं आणि कीबोर्डने किंवा पॅडने तो वेगवेगळ्या सुरांत वाजवू देतं. पण ही मेमरी वीज आहे तोवरच टिकते. बटण बंद केलं की पाटी कोरी. एस९५० मध्ये मूळ मेमरी ७५० किलोबाइट, वाढवली तर सव्वादोन मेगाबाइट. वीज गेल्यावर त्यातलं जे काही उरायचं ते फ्लॉपीवरच उरतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला वीज जाते, तेव्हा तासभर बसून कापलेला ठेका क्षणात जातो. म्हणून अशा यंत्रात ड्राइव्ह बिघडला तर ते आवाज देईल, पण त्याला काही आठवणार नाही. एन्सॉनिक मिराज किंवा रोलँडचे एस-५०, डब्ल्यू-३० असतील तर गोष्ट आणखी बिकट आहे. त्यांची कार्यप्रणालीच फ्लॉपीवरून लोड होते, त्यामुळे ड्राइव्ह नाही तर यंत्र सुरूच होत नाही.

आधी फ्लॉप्या, मग ड्राइव्ह

हा भाग वगळू नका. माझी चूक इथेच झाली.

ड्राइव्ह डिस्क वाचेना, तेव्हा मला वाटलं डिस्क खराब असेल. म्हणून दुसरी घातली, मग तिसरी. तिसऱ्या डिस्कला आतून बारीक 'कर्र' असा आवाज आला. बाहेर काढून पत्र्याची सरकती झडप बोटाने बाजूला केली, तर तपकिरी चकतीवर केसाएवढी करडी गोल रेघ. पहिल्या डिस्कवर बुरशी होती. ती ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या टोकाला चिकटली, आणि त्या घाणेरड्या हेडने पुढच्या दोन डिस्क खरवडल्या. त्यातली एक आमच्या नानांच्या संबळाची होती. नाना आता नाहीत.

म्हणून कोणतीही जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी झडप सरकवा आणि उजेडात तिरकी धरून चकती पाहा. मधली चकती मागच्या बाजूने बोटाने फिरवत पूर्ण वेढा तपासा. पांढरट ठिपके, धुरकट डाग किंवा गोल रेघ दिसली तर ती डिस्क बाजूला ठेवा. आपली हवा कोरडी आहे म्हणून बुरशीचा प्रश्न नाही असं मी समजत होतो. पण या फ्लॉप्या मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहून आलेल्या होत्या. तुमच्याही कुठून आल्या ते बघा.

निरोगी फ्लॉप्यांची संगणकावर प्रत काढून घ्या. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचा नाही. तो संगणकाच्या ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या डिस्कच वाचतो. अकाईची पद्धत निराळी आहे: डीडी (कमी क्षमतेच्या) डिस्कवर ८०० किलोबाइट आणि एचडी (जास्त क्षमतेच्या) डिस्कवर १६०० किलोबाइट. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. त्याच्या एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला संगणकातला जुना ३४ पिनांचा ड्राइव्ह जोडायचा. तो डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, त्यामुळे डिस्क कुठल्या यंत्राची आहे याची त्याला पर्वा नसते. अकाईचे दोन्ही प्रकार त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून आहेत. ड्राइव्हसाठी मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संगणकवाल्यांकडे विचारत फिरलो आणि एका भंगारातल्या कॅबिनेटमधून मला चालू ड्राइव्ह मिळाला. दर दोन-तीन डिस्कनंतर हेडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस हलक्या हाताने फिरवत होतो. ३१ पैकी २६ डिस्क पूर्ण उतरल्या. नानांची अर्धीच उतरली.

कोणता ड्राइव्ह बसवायचा

पर्याय दोन. एक, दुसरा खरा फ्लॉपी ड्राइव्ह शोधणे. दोन, त्याची नक्कल करणारा गोटेक बसवणे.

खऱ्या ड्राइव्हचं आकर्षण मला कळतं. डिस्क आत जातानाचा तो 'खट्' आवाज मलाही आवडतो. पण सोनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. आता डिस्कही जुन्या साठ्यातल्याच मिळतात आणि ड्राइव्हही वापरलेलेच. शिवाय संगणकाचा ड्राइव्ह सॅम्पलरला थेट चालत नाही. याचं कारण नीट समजून घ्या, कारण गोटेक बसवतानाही याचीच गरज पडते.

दोघांची रिबन केबल ३४ तारांचीच असते, पण सगळ्या तारा एकच भाषा बोलत नाहीत. संगणकात ३४ नंबरच्या पिनवर ड्राइव्ह सांगतो, 'डिस्क बदलली गेली.' बहुतेक सॅम्पलरना त्याच पिनवर ऐकायचं असतं, 'मी तयार आहे.' तो निरोप आला नाही तर ड्राइव्ह उत्तम असूनही सॅम्पलर डिस्क नाही म्हणत बसतो. एस९५० ला आणखी एक माहिती हवी असते: २ नंबरच्या पिनवर आत बसलेली डिस्क डीडी आहे की एचडी. तिसरा फरक ड्राइव्हच्या क्रमांकाचा. संगणकाचे ड्राइव्ह कारखान्यातूनच दुसऱ्या क्रमांकावर बांधलेले असतात आणि केबलमध्ये मध्येच पीळ देऊन तो फरक भरून काढतात. सॅम्पलरची केबल सरळ असते आणि त्याला पहिला क्रमांक हवा असतो. संगणकाच्या ड्राइव्हवर हे सगळं सोल्डरिंग करून बदलता येतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

गोटेक म्हणजे साडेतीन इंची ड्राइव्हच्याच मापाचा डबा. पुढे यूएसबीचं तोंड, दोन बटणं आणि आकड्यांची छोटी खिडकी. पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइली ठेवायच्या आणि बटणाने आकडा बदलला की सॅम्पलरला वाटतं डिस्क बदलली. घेताना त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (डबा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) आधीच भरलेलं आहे ना, ते विचारून घ्या. कीर फ्रेझर यांनी लिहिलेलं हे फर्मवेअर मोफत आहे, ग्रीझवीझलही त्यांचंच. मूळ कारखान्याच्या फर्मवेअरला अकाईची पद्धत समजत नाही. ओळखायचं कसं? पेनड्राइव्ह न लावता वीज दिली की फ्लॅशफ्लॉपीवाल्या गोटेकच्या खिडकीत इंग्रजी एफ, आडवी रेघ आणि पुन्हा एफ उमटतं.

एक अपेक्षा आत्ताच खाली आणतो. गोटेकने लोड होण्याचा वेग वाढत नाही. तो खऱ्या ड्राइव्हच्याच गतीने बिट पाठवतो, कारण सॅम्पलर तेवढंच ऐकू शकतो. रोलँडच्या एस-१० सारख्या काही यंत्रांत क्विक डिस्क नावाचा वेगळा छोटा प्रकार असतो. तिथे गोटेक चालत नाही.

उघडण्याआधी

यंत्राच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. जपान किंवा अमेरिकेतून आलेलं यंत्र १०० किंवा १२० व्होल्टचं असू शकतं. ते आपल्या २३० वर थेट लावलं तर ड्राइव्हचा विचार करायला यंत्रच उरणार नाही. तसं असेल तर चांगल्या प्रतीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणा.

मग वायर भिंतीतून काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. अर्धा तास थांबा. आत पॉवर सप्लायचा भाग असतो, जिथे जाड वायर आणि वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर दिसतात. तिथे प्लग काढल्यावरही बोट, पाना, काहीही नेऊ नका. आपल्याला तिथे काम नाही.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतडते तीच. टेरिकॉट, नायलॉन नको, सुती कपडे घाला. प्लॅस्टिकच्या चटईऐवजी लाकडी पाटावर किंवा टेबलावर काम करा आणि मधूनमधून नळाच्या लोखंडी पाइपला हात लावा. अँटिस्टॅटिक मनगटी पट्टा मिळाला तर उत्तमच. कूलर बंद करा. उकडेल, पण कूलरच्या वाऱ्यात स्क्रू उडतात आणि पाण्याचे तुषार थेट बोर्डावर जातात.

स्क्रूंविषयी दोन शब्द. जपानी यंत्रांतल्या स्क्रूची फुली दिसते आपल्या स्टार स्क्रूड्रायव्हरसारखीच, पण तिची खाच थोडी वेगळी असते. चुकीचा किंवा झिजलेला पाना घसरतो आणि स्क्रूचं डोकं कायमचं गोल होतं. नीट बसणारं टोक निवडा, वरून दाब द्या, मग फिरवा. मी एका कोऱ्या कागदावर यंत्राची चौकट काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे तो सेलोटेपने चिकटवतो. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या बोर्डाला टोचतो.

झाकण निघालं की फोटो काढा. रिबन केबल कोणत्या बाजूने आलीय, तिची रंगीत कड कुठे आहे, विजेची वायर कशी वळलीय, सगळं टिपा. माझ्या यंत्रात झाकण उघडल्यावर पंधरा-वीस वर्षांची धूळ होती, त्यात बारीक कापसाचे तंतू. ब्रशने ती सैल करून काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात.

जोडणी

जुन्या ड्राइव्हची रिबन केबल दोन्ही टोकांना धरून सरळ मागे ओढा. तारांना धरून ओढू नका. केबलची रंगीत कड म्हणजे १ नंबरची पिन. गोटेकच्या मागे १ नंबर कुठे आहे ते बोर्डावर छापलेलं असतं. कड त्या बाजूला आली पाहिजे. जुन्या केबलवर उलटं बसू नये म्हणून असणारी खाच बऱ्याचदा नसते, त्यामुळे डोळ्यांवरच भरवसा. केबल उलटी लागली तर सहसा काही जळत नाही, फक्त काम होत नाही.

विजेचं मात्र तसं नाही. फ्लॉपी ड्राइव्हच्या छोट्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये एका कडेला ५ व्होल्ट, मधल्या दोन ग्राउंड आणि दुसऱ्या कडेला १२ व्होल्ट असतात. गोटेकला फक्त ५ व्होल्ट हवेत. प्लग उलटा बसला तर ५ च्या जागी १२ जातात आणि गोटेक त्याच क्षणी मरतो. संगणकात लाल वायर ५ ची आणि पिवळी १२ ची असते, पण जुन्या सॅम्पलरमध्ये रंग तसेच असतील असं धरून चालू नका. गोटेक न जोडता यंत्र चालू करा, मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला आणि लाल टोक प्लगच्या एकेका पिनेला लावून मोजा, यंत्र बंद करून वायर काढा, आणि मगच जोडा. मल्टिमीटर धरायची सवय नसेल तर गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला दहा मिनिटं बोलवा. आमच्याकडे आप्पांनीच मोजून दिलं.

आता गोटेकच्या मागचे जंपर, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या. सॅम्पलरची सरळ केबल असेल तर जंपर एस० वर (पहिला क्रमांक) हवा, एस१ वर (दुसरा) नको. येताना बहुतेक एस१ वर असतो, कारण विकणाऱ्याच्या डोक्यात संगणक असतो. ही एक छोटी टोपी न हलवल्यामुळे माझी एक अख्खी दुपार गेली.

पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा. चार-आठ जीबीचासुद्धा पुष्कळ होतो, कारण एक डिस्क दीड मेगाबाइटच्या आसपास. फ्लॅशफ्लॉपीसोबत एक सेटिंगची फाइल येते, तिचं नाव एफ, एफ, टिंब, सी, एफ, जी. ती पेनड्राइव्हवर सगळ्यात बाहेर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. त्यात 'इंटरफेस' नावाची ओळ आहे. एस९५० असेल तर तिथे अकाई-एस९५० हा पर्याय इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. वर सांगितलेले २ आणि ३४ पिनांचे दोन्ही निरोप या एका शब्दाने जागेवर बसतात. मग 'होस्ट' ओळीत अकाई लिहा, म्हणजे ८०० आणि १६०० किलोबाइटच्या साध्या प्रतिमा तो बरोबर ओळखेल. यंत्र एन्सॉनिकचं असेल तर होस्ट एन्सॉनिक आणि इंटरफेस शुगार्ट.

ग्रीझवीझलने काढलेल्या प्रतिमा त्यावर टाका. फाइलचं नाव आकड्याने सुरू करा, म्हणजे क्रम लागतो. इंडेक्स पद्धत निवडली तर मात्र नाव डी, एस, के, ए आणि पुढे चार आकडे असंच हवं. कोरी डिस्क हवी असेल तर नेमक्या १६,३८,४०० बाइटची रिकामी फाइल बनवा आणि शेवटी डॉट आयएमजी लावा. डीडीसाठी हाच आकडा ८,१९,२०० बाइट. एक बाइट इकडेतिकडे नको. मग सॅम्पलरच्या डिस्क पानावर जाऊन नेहमीसारखं फॉरमॅट करा.

कोणता आकडा म्हणजे कोणता आवाज, हे वहीत लिहा. तीन आकड्यांची खिडकी तुम्हाला नाव सांगत नाही. माझ्या वहीत ००४ पुढे 'संबळ, अर्धं' असं आहे.

पहिली चाचणी

गोटेक अजून आत कसू नका. तो पुठ्ठ्यावर ठेवा, म्हणजे त्याचा बोर्ड यंत्राच्या पत्र्याला टेकणार नाही. झाकण उघडं असताना वीज देणार आहात, तेव्हा दोन्ही हात यंत्राबाहेर ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी भिंतीतल्या बटणाजवळ उभं करा. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

यंत्र सुरू करा, खिडकीत आकडा येऊ द्या, डिस्क पानावर जाऊन यादी मागा. नावं दिसली की एक प्रोग्राम लोड करून वाजवा. लगेच दुसरी परीक्षा घ्या: तोच आवाज एका कोऱ्या प्रतिमेवर सेव्ह करा, यंत्र बंद करा, पुन्हा सुरू करून लोड करा. वाचता येतं म्हणजे लिहिताही येतं असं नाही. स्वस्तातले हळू पेनड्राइव्ह इथेच दगा देतात.

काही दिसलं नाही तर क्रमाने पाहा. खिडकी अंधारी असेल तर वीजच पोहोचलेली नाही. खिडकी पेटलीय पण सॅम्पलर काही मागितल्यावर ती ढिम्म हलत नाही, तर एस० जंपर किंवा उलटी केबल. सॅम्पलर डिस्क नाही म्हणतो, तर इंटरफेसची ओळ. डिस्क ओळखतो पण वाचताना अडखळतो, तर प्रतिमेचा आकार किंवा होस्टची ओळ. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी वीज काढून.

आत बसवणं

बाजूची स्क्रूची भोकं साडेतीन इंची ड्राइव्हसारखीच असतात, त्यामुळे जुन्या ड्राइव्हची पत्र्याची चौकट बऱ्याचदा तशीच चालते. अडतं ते पुढच्या तोंडाशी. जुन्या यंत्राच्या पॅनेलचं भोक त्याच्या मूळ ड्राइव्हच्या तोंडाप्रमाणे कापलेलं असतं आणि गोटेकची बटणं कडेला घासतात. अशा वेळी कानस गोटेकच्या प्लॅस्टिकवर चालवा. सॅम्पलरच्या पॅनेलला हात लावू नका. गोटेक दुसरा मिळेल, १९८८ चं पॅनेल मिळणार नाही. याच कारणासाठी मी कुठेही नवं भोक पाडलं नाही आणि कुठलीही मूळ वायर कापली नाही. उद्या कोणाला मूळ ड्राइव्ह परत बसवायचा असेल तर त्याला फक्त स्क्रू काढायचे आहेत.

जुना ड्राइव्ह फेकू नका. हेड साफ करून, वंगणाची जुनी चिकट पुटं काढून तो पुन्हा चालण्याची शक्यता असते. मी तो सुती कापडात गुंडाळून, वर यंत्राचं नाव आणि काढल्याची तारीख लिहून, त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय.

रोजच्या वापरात दोनच सवयी लावा. सेव्ह होत असताना पेनड्राइव्ह ओढू नका आणि यंत्र बंद करू नका. आणि त्या वेळी वीज गेली तर लिहिलेलं अर्धवट राहतं, म्हणून सॅम्पलर यूपीएसवर ठेवा. चौकोनी लहरीचा घरगुती इन्व्हर्टर नको, त्यावर जुने ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात आणि ती गुणगुण थेट रेकॉर्डिंगमध्ये येते. पेनड्राइव्हची पूर्ण प्रत महिन्यातून एकदा संगणकावर घ्या.

झाकण लावल्यावर आईने दारातूनच विचारलं, "आते चालस का हाई?" मी बटण दाबत ००४ वर आलो आणि लोड केलं. अर्धं उतरलेलं संबळ, एक ठेका आणि त्याच्या शेवटची ती एक थाप. त्या पेनड्राइव्हची दुसरी प्रत आता नंदुरबारला पावरीवाल्या मित्राकडे आहे, तिसरी जळगावला बहिणीकडे.